घरचे दार घरीच का करू नये?

जुलै महिन्यात तुमच्या घरचे दार लावताना अडते का? आणि तेच दार एप्रिलमध्ये सैल होऊन फळ्यांच्या फटींतून उन्हाच्या रेघा आत येतात का? धाराशिव जिल्ह्यातल्या जुन्या माळवदी घरांत राहणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. असे दार कुजले, की वडीलधारी मंडळी म्हणतात, "सुताराला सांगू." माझे म्हणणे थोडे निराळे आहे. चौकट शाबूत असेल, तर नवे कवाड तुम्ही घरच्या मोठ्या माणसांच्या मदतीने घरीच करावे. मुलांनी आणि मुलींनीही.

कोणी म्हणेल, वाकडेतिकडे होईल. होऊ दे! पण ते वाकडे का झाले, हे तुम्हाला कळेल.

प्रथम लाकूड समजून घ्या. लाकूड हवेतला ओलावा शोषून फुगते. पण लांबीत जवळजवळ नाही, रुंदीत मात्र बरेच. 75 सेंटिमीटर रुंदीचे फळ्यांचे कवाड उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत अर्धा सेंटिमीटर सहज वाढू शकते. म्हणूनच ऐन पावसात रंधा मारून दार मोकळे करणे मला पटत नाही; थंडीत तिथेच फट पडते. फळ्या आधी सावलीत चांगल्या वाळू द्या आणि उन्हाळ्यात जोडताना दोन फळ्यांमध्ये थोडी जागा सोडा.

आता काटकोन. कवाड 180 सेंटिमीटर उंच आणि 75 सेंटिमीटर रुंद असेल, तर त्याचा कर्ण किती? वहीत मांडून पाहा: बरोबर 195. दोन्ही कर्ण सुतळीने मोजा. एक 195 आणि दुसरा 193 भरला, तर कवाड तिरके आहे. गुण्या नसला तरी अडत नाही.

फळ्यांवर आडव्या पट्ट्या ठोकल्या, की काम संपले असे पुष्कळांना वाटते. चार काड्यांचा चौकोन टाचण्यांनी जोडून बाजूला ढकला. तो लगेच कलतो. तिरकी पाचवी काडी लावा. आता कलत नाही, कारण त्रिकोणाचा आकार बाजूंची लांबी बदलल्याशिवाय बदलत नाही. कवाडाची तिरकी पट्टी बिजागरीच्या बाजूला खाली सुरू होऊन कडीच्या बाजूला वर जायला हवी. म्हणजे कडीकडचा भार तिच्यावर दाबासारखा येतो आणि ती तो खालच्या बिजागरीकडे पोचवते. उलट लावली तर त्याच पट्टीवर ताण येतो, खिळे सुटतात आणि दार लोंबते.

बिजागऱ्यांचे गणित असेच सोपे आहे. कवाडाचे वजन 20 किलो धरा. ते मधोमध, म्हणजे बिजागरीपासून 37.5 सेंटिमीटरवर आहे असे माना. दोन बिजागऱ्यांमध्ये 150 सेंटिमीटर अंतर ठेवले, तर वरच्या बिजागरीवर आडवी ओढ 5 किलोइतकी येते. अंतर निम्मे केले की 10 किलो. जुन्या दारांच्या वरच्याच बिजागरीचे स्क्रू आधी का निघतात, ते यावरून उमगेल. बिजागऱ्या ओळंब्याने एका रेषेत घ्या. नाहीतर अर्धे उघडलेले दार आपोआप फिरत राहील.

चौकटीला मात्र हात लावू नका. या बाबतीत मी हट्टी आहे. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. गणेशविसर्जन करून लोक झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. लोहारा तालुक्यातले सास्तूर उद्ध्वस्त झाले. त्याआधी हा भाग देशातल्या सर्वांत कमी धोक्याच्या भूकंप विभागात धरला जाई. अनेक घरांत मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती ढासळल्या आणि आतला लाकडी सांगाडा उभा राहिला. भिंतीतले प्रत्येक भोक तिला अशक्त करते, कोपऱ्याजवळचे तर अधिकच. म्हणून दार रुंद करण्यासाठी भिंत फोडायची असेल, तर ते जाणकाराचेच काम. भूकंपानंतर एक लाखाहून अधिक घरे दुरुस्त आणि बळकट झाली, त्यात घरमालकांनी अभियंत्यांच्या सल्ल्याने स्वतः कामे करून घेतली. कार्यानुभवाच्या तासाला कागदाची फुले करण्याऐवजी हे शिकवले तर काय बिघडेल?

आपल्याकडची दारे बहुधा आत उघडतात. भूकंपात चौकट जराशी कलली तरी घट्ट बसणारे दार अडकते, आणि मागे काही पडले तर उघडतच नाही. तेव्हा कवाड बसवून झाले, की त्याच्यामागची ज्वारीची पोती आणि पत्र्याची पेटी दुसऱ्या भिंतीकडे न्या. मग दिवा मालवून शाळेत जाणाऱ्या सर्वांत धाकट्या भावंडाला कडी काढायला सांगा. हात पोचत नसेल, तर कडी वीतभर खाली घ्या.