पातळ बेअरिंग आणि आमचे मिस्त्री

आम्ही कापडाचे व्यापारी. लोखंडाच्या बाजारात आमचे काय काम, असे कोणी विचारील. पण कांडी मशीन दोन दिवस बंद राहिली की माग थांबतो आणि माग थांबला की आमचा माल अडतो. म्हणून हे चार शब्द.

हल्ली लहान मशिनींत पातळ बेअरिंग येते. २० मिलिमीटर शाफ्टचे नेहमीचे ६२०४ घ्या. बाहेरून ४७ मिलिमीटर, रुंदी १४, वजन शंभर ग्रॅमच्या थोडे वर. त्याच शाफ्टचे ६८०४ बाहेरून ३२, रुंदी ७ आणि वजन २० ग्रॅमच्या आत. मशीन हलकी होते, घराच्या एका खोलीत मावते. गरीब कारागिराला ही मोठी सोय आहे. परंतु भार पेलण्याची ताकद सुमारे एक-तृतीयांशच, हे विकताना सांगतो कोण? शिवाय पट्टा ताणून भार दुप्पट केला, तर बेअरिंगचे आयुष्य निम्मे नव्हे, आठवा हिस्सा उरते. आमचे मिस्त्री तर पट्टा तंग म्हणजे काम चांगले, असेच शिकलेले!

ईदच्या मालाची घाई असताना आमच्या एका कांडीवाल्याची अशीच छोटी मशीन अडली. मिस्त्रीने दुकानात "वीसचे बेअरिंग" मागितले. वीसचे म्हणजे ६८०४ही, ६९०४ही, ६००४ही आणि ६२०४ही. दुकानदाराने समोर होते ते ६००४ दिले. ते बाहेरून ४२. बसेना म्हणून मिस्त्रीने खरादवाल्याकडून घर मोठे करून आणले. कड पातळ राहिली आणि आठवड्यात तडकली. पन्नास रुपयांची चूक नव्हती ती; कांडीवाल्याची ईदची मजुरी गेली आणि आमचा वायदा मोडला.

मिस्त्रीला आम्ही दोष देत नाही, त्याला कोणी शिकवलेच नाही. पातळ बेअरिंगची कडी नाजूक असते. घर वेडेवाकडे असेल तर तीही तशीच वाकते. हातोडीने ठोकले की छर्ऱ्यांचे खड्डे कडीत उमटतात. शाफ्टवर चढवताना आतल्या कडीवर, घरात बसवताना बाहेरच्या कडीवर नळी टेकवून सरळ दाबावे, एवढीच गोष्ट. आपल्याकडे कापसाचे तंतू उडतात, तेव्हा पत्र्याच्या झाकणापेक्षा रबरी सीलचे बेअरिंग मागावे.

दुकानदारांना मात्र आमचे साफ म्हणणे आहे. मालाचा ऐब झाकणे जायज नाही, हे आपण सारे जाणतो. मग गिऱ्हाइकाला नंबर न विचारता हाताला येईल ते देणे कशात बसते? बिलावर पूर्ण नंबर आणि कंपनीचे नाव लिहावे. जुने बेअरिंग धुऊन नव्या डब्यात घालणाऱ्यांना तेवढ्यानेही अडचण होईल.

कांडीवाल्याने नवे घर करून घेतले आहे. त्यात ६८०४च बसवले आणि नंबर मशीनवर रंगाने लिहून ठेवला.