भंडारा म्हणजे नेमका कोणता भंडारा?

दिवाळीत घरी, म्हणजे भंडाऱ्याला, गेलो होतो. भाचीला कॉलेजात प्रकल्प करायचा होता, विषय जिल्ह्यातले मामा तलाव. (बाहेरच्या वाचकांसाठी: मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे, 'माजी मालगुजारी'. आमच्याकडे पाहुणे हमखास विचारतात, "कोणाच्या मामाचा तलाव?") तिने मोबाइलला प्रश्न विचारला आणि दहा सेकंदांत उत्तर हजर. गोंड राजवटीत कोहळी लोकांनी हे तलाव बांधले, पुढे ते मालगुजारांकडे होते, 1950च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. वगैरे वगैरे. सगळं बरोबर होतं.

काकांनी चष्मा नाकावर सरकवून ते दोनदा वाचलं. म्हणाले, "सारं खरं आहे. पण आपल्या गावचा तलाव कोठी आहे याच्यात?"

भाची म्हणाली, "आजोबा, तो नाही दिसत."

"दिसत नाही म्हणजे त्याच्यात नाहीच, का तुले दाखवत नाही?"

तिला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही, आणि माझं पोट गेली वीस वर्षं संगणकावरच चाललंय! तेव्हापासून तो प्रश्न डोक्यात घोळतोय, म्हणून हा लेख.

मी पहिल्यांदा इंटरनेट पाहिलं ते 1999 साली, नागपूरला बर्डीवर. तासाचे पन्नास रुपये, बाहेर चपला काढायच्या आणि आत पंखा फक्त मालकाच्या डोक्यावर. त्या काळी काही शोधायचं तर दोन अगदी वेगळे रस्ते होते. आजच्या मुलांना हे सांगूनही पटत नाही, कारण त्यांच्या लेखी शोधणे म्हणजे एक रिकामी चौकट आणि त्यात टाइप केलेले दोन शब्द.

पहिला रस्ता सूचीचा. याहू हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव. 1994 साली जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी स्वतःला आवडलेल्या स्थळांची यादी म्हणून ते सुरू केलं. माणसं बसून एकेक स्थळ उघडून पाहायची, हे कशाबद्दल आहे ते ठरवायची, एका ओळीत त्याचं वर्णन लिहायची आणि योग्य त्या कप्प्यात ठेवायची. तुम्ही वरून खाली उतरत जायचं: प्रदेश, देश, भारत, राज्य... प्रत्येक कप्प्यापुढे कंसात आकडा, आत किती स्थळं आहेत त्याचा. आपल्याकडेही असा प्रयत्न झाला होता बरं का. मुंबईच्या राजेश जैन यांनी 1995 साली 'इंडियावर्ल्ड' काढलं. त्याच घरातलं 'खोज' म्हणजे भारतीय स्थळांची विषयवार यादी. 1999च्या नोव्हेंबरात सत्यम इन्फोवेने इंडियावर्ल्ड 499 कोटी रुपयांना घ्यायचं ठरवलं, तेव्हा आमच्या होस्टेलवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. याद्या करून एवढे पैसे मिळतात हे ऐकून अर्ध्या पोरांनी नोकरीचे अर्ज बाजूला ठेवले. (नंतर मुकाट्याने भरले.)

दुसरा रस्ता यंत्राचा. अल्टाव्हिस्टा डिसेंबर 1995 मध्ये आलं. त्यात माणूस काही वाचत नव्हता. एक प्रोग्राम एका पानावरून दुव्यांमार्फत दुसऱ्या पानावर उड्या मारत जायचा, दिसेल तो प्रत्येक शब्द टिपून घ्यायचा आणि कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची एक प्रचंड वही बनवायचा. सुरुवातीलाच सुमारे 1 कोटी 60 लाख पानं त्यात होती. पुस्तकाचं उदाहरण घ्या. याहू म्हणजे पुढची अनुक्रमणिका, अल्टाव्हिस्टा म्हणजे शेवटची शब्दसूची. अनुक्रमणिका लिहिणाऱ्याला पुस्तक कळलेलं असावं लागतं, शब्दसूची करणाऱ्याला नुसती अक्षरं वाचता आली तरी भागतं.

आता यातली गंमत भंडारेकरांइतकी दुसऱ्या कोणाला कळणार नाही. मी अल्टाव्हिस्टात पहिला शब्द टाकला तो अर्थातच आपल्या गावाचा. काय निघालं? कुठल्याशा आश्रमातला भंडारा, म्हणजे जेवणावळ. मग जेजुरीच्या खंडोबाचा भंडारा, म्हणजे हळद. त्यानंतर आणखी एक जेवणावळ. गाव कुठे तिसऱ्या पानावर. एका मित्राने सांगितलं की शब्दाच्या शेवटी फुली टाकली की पुढची अक्षरं काहीही चालतात. मी 'भंडार' लिहून फुली टाकली, तर भंडारदऱ्याचा धबधबा आणि पुण्याचे भांडारकर दोघेही हजर! मग अधिक-उणे चिन्हं शिकलो. अधिक भंडारा, अधिक महाराष्ट्र, उणे खंडोबा. देवाला वजा करताना जरा हात थरथरला, पण काम झालं.

स्पेलिंगचा घोळ तर विचारूच नका. वैनगंगा रोमन लिपीत 'डब्ल्यू'ने सुरू करायची की 'व्ही'ने? गोसेखुर्द की गोसीखुर्द? झाडीपट्टी 'झेड'ने की 'जे-एच'ने? तेव्हाच्या यंत्राला या दोन वेगळ्या नद्या वाटायच्या. कप्प्यांच्या यादीत मात्र हा प्रश्नच येत नव्हता. भारत, मग महाराष्ट्र असं उतरत आलेल्या माणसाला कोणता भंडारा हवा आहे हे तो चालून आलेल्या वाटेवरूनच ठरलेलं असायचं.

आणि मराठी मजकूर? तो तर यंत्राला दिसतच नव्हता. त्या काळी प्रत्येक मराठी स्थळाचा फॉन्ट वेगळा. पडद्यावर सुंदर देवनागरी दिसायची, पण आत साठवलेली असायची रोमन अक्षरं आणि चिन्हं, फॉन्टने फक्त मुखवटा चढवलेला. यंत्र मुखवट्याच्या आतलं वाचतं, त्यामुळे त्याच्या लेखी ज्ञानेश्वरी काय आणि पंचांग काय, सगळी सारखीच गिचमिड. युनिकोड रुळेपर्यंत, म्हणजे साधारण 2003-04 पर्यंत, मराठी पानं सापडायची ती कोणीतरी हाताने केलेल्या यादीतूनच. 'माझे आवडते दुवे' म्हणून लोक पानाच्या कडेला जी यादी लावायचे, ती शोभेची नव्हती. तोच आपला रस्ता होता.

आता कोणी म्हणेल, याला जुनं ते सोनं वाटायला लागलं, वय झालं. तसं नाही हो. सूच्यांचे दोष मी पाहिलेत, आणि ते बारीकसारीक नव्हते.

सगळ्यात मोठा दोष हा की कप्पा ठरवावा लागतो, आणि जग कप्प्यात मावत नाही. आमचा जिल्हाच बघा. आधी मध्य प्रांत-वऱ्हाडात, 1950 पासून मध्य प्रदेशात, 1956 साली मुंबई राज्यात, 1960 साली महाराष्ट्रात. मग 1 मे 1999 ला त्यातून गोंदिया वेगळा निघाला. नागझिरा आणि नवेगावबांध, ज्यांच्या जिवावर आम्ही लहानपणी 'आमच्या जिल्ह्यात वाघ आहेत' म्हणून मिरवायचो, ते एका रात्रीत शेजारच्या जिल्ह्यात गेले. जुन्या पुस्तकांत ते भंडाऱ्यात, नव्या नकाशात गोंदियात. यादी करणाऱ्याने काय करायचं? याहूने त्यावर तोड काढली होती. स्थळ एकाच खऱ्या कप्प्यात ठेवायचं आणि दुसरीकडे नावापुढे '@'ची खूण करून 'हे तिकडे आहे' असं सांगायचं. ग्रंथालयवाल्यांची ही डोकेदुखी फार जुनी. रंगनाथन यांनी 1933 सालीच द्विबिंदू वर्गीकरण मांडलं, ते एका विषयाला अनेक पैलू असतात हे धरूनच. ड्युईच्या पद्धतीत मराठी साहित्य 891.46 वर बसतं. झाडीपट्टीचं दंडार आणि नाटक तिथे ठेवायचं की रंगभूमीत, की लोककलेत? तिन्ही उत्तरं बरोबर, आणि पुस्तक एकच.

दुसरा दोष माणसांचा. वेब वाढलं, वाचणारे कमी पडले. अर्ज टाकून महिनोनमहिने वाट पाहायची. मग पैसे आले. व्यापारी स्थळांना याहूच्या सूचीत राहायला वर्षाला 299 डॉलर मोजावे लागू लागले. स्वयंसेवकांची डीमॉझ नावाची सूची 1998 साली निघाली, ती फुकट होती. तिच्यात उत्साह भरपूर, पण कोपऱ्यातल्या विषयांना वाली नाही. मी एका सूचीत महाराष्ट्रापर्यंत उतरलो होतो. तिथे आमच्या जिल्ह्याचा कप्पाच नव्हता.

पण थांबा, माझा मुद्दा इथेच आहे. कप्पा नव्हता, हे मला दिसलं!

शेजारी पुणे होतं, नागपूर होतं, त्यांच्यापुढे आकडे होते आणि आमची जागा मोकळी. ती मोकळी जागा बघून मला लाज वाटली, थोडा रागही आला, आणि त्याच रागात मी भंडाऱ्यावर पहिलं पान तयार केलं. पितळेची भांडी, आंधळगावचा कोसा, तलाव. भयानक पान होतं. हिरव्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरं, आणि वर एक फिरणारी पृथ्वी. पण ते केलं ते जागा रिकामी दिसली म्हणून. शोधयंत्र अशी रिकामी जागा कधीच दाखवत नाही. त्याला विचारा, ते काही ना काही देणारच. तलाव नसेल तर जेवणावळ देईल, पण हात हलवत परत पाठवणार नाही. जे त्याच्याकडे नाही त्याचा नुसता आभासही होत नाही.

1998 साली गूगल आलं आणि त्याने शब्दांच्या मोजणीत दुव्यांची भर घातली. कोणत्या पानाकडे किती आणि कोणती पानं बोट दाखवतात त्यावर त्याचं वजन. कल्पना फारच हुशारीची. नुसते शब्द मोजणाऱ्या यंत्रांना लोक फसवायला लागले होते, पार्श्वभूमीच्याच रंगात एकच शब्द शंभरदा लिहून. त्यांना त्याने चाप लावला. पण बघा ना, ती बोटं दाखवणारी तरी माणसंच होती! 2000 ते 2011 गूगलने स्वतःची सूचीही चालवली, ती डीमॉझच्याच यादीवर उभी. यंत्राचं शहाणपण बरंचसं यादी करणाऱ्यांकडून उसनं घेतलेलं होतं. आणि ज्या गावाकडे बोट दाखवणारं कोणी नाही, ते गाव खाली गेलं.

मग एकेक करून सगळं बंद पडलं. अल्टाव्हिस्टा जुलै 2013 मध्ये, याहूची सूची 2014च्या शेवटी, डीमॉझ मार्च 2017 मध्ये. मला स्वतःला शेवटची दोन बंद झाल्याचं कळलंसुद्धा उशिरा. तेव्हा मीही फक्त रिकाम्या चौकटीत टाइप करत होतो, तक्रार कोणत्या तोंडाने करू? आता तर दहा दुवेही नकोत, थेट उत्तर हवं. भाचीला मिळालं तसं. छान, गुळगुळीत, कुठेही भोक नसलेलं. जुन्या जिल्ह्यात असे तलाव हजारावर आहेत, पण ते वाचून वाटावं की एवढी चार-पाच नावं म्हणजेच सगळं.

मला वाटतं, शोधयंत्रं जिंकली ते योग्यच झालं. एवढ्या पसाऱ्याला हाताच्या याद्या पुरल्या नसत्या. पण त्याबरोबर आपण याद्या करणंच सोडून दिलं, ही चूक यंत्राची नाही, आपली आहे. मराठी विकिपीडिया 1 मे 2003 ला सुरू झाला. त्यात एक लेख कितीही वर्गांत घालता येतो, अजून न लिहिलेल्या लेखाचा दुवा लाल दिसतो. तो लाल रंग मला फार आवडतो. माझ्या पाहण्यात आजच्या वेबवर 'इथे काही नाही' असं प्रामाणिकपणे सांगणाऱ्या थोड्या जागा उरल्यात, त्यातली ही एक. आपल्यापैकी किती जणांनी त्यातला एक तरी लाल दुवा निळा केलाय? मी केलेत दोन. फक्त दोन.

असो. त्या दिवशी प्रश्न विचारून काका उठले आणि आतून एक वही घेऊन आले. ही वही मी लहानपणापासून पाहिलेली, पण कधी उघडली नव्हती. काकांची नोकरी पाटबंधाऱ्यांची, सायकलवर फिरून केलेली. वहीत गावाचं नाव, तलावाचं नाव, कोणी बांधला, पाळ कशी आहे, पाणी कोणत्या बाजूने सुटतं, असे रकाने. तालुकावार. नवेगावबांधकडची पानंही त्यात आहेत, वर 'गोंदियात गेले' असं लाल शाईने लिहून. (याहूच्या '@'ची खूणच की ही, मी मनातल्या मनात म्हटलं.) आणि मधे मधे, गावाच्या नावापुढे सगळी ओळ मोकळी. भाचीने विचारलं, "आजोबा, हे का नाही लिहिलं?"

"तिथी जाणं झालं नाही," काका म्हणाले. "पण तलाव आहे तिथी, म्हणून नाव लिहून ठेवलं."

भाचीचा प्रकल्प त्या वहीवरच झाला. मी आता ती युनिकोडात टाइप करायला घेतली आहे, मोकळ्या ओळी मोकळ्याच ठेवून. नातेवाईक मंडळी हे वाचतात हे मला ठाऊक आहे, म्हणून इथेच विचारतो. साकोली तालुक्यातल्या तीन आणि लाखांदूरकडच्या दोन गावांचे रकाने कोरे आहेत. तिकडे कोणाची सोयरीक असेल तर फोन करा, गावांची नावं कळवतो. लाखनीच्या आत्याने त्यातल्या एका तलावाचं नाव सांगितलंय. कोणी बांधला ते मात्र तिला आठवत नाही, तेव्हा तेवढा रकाना अजून कोराच आहे.