दोन पूर्व दिशांची बातमी

सातवीत बाईंनी फळ्यावर मोठी फुली काढली. वर नॉर्थ, उजवीकडे ईस्ट, डावीकडे वेस्ट, खाली साउथ. पहिली अक्षरं जोडून म्हणाल्या, "बघा, न्यूज! चारी दिशांनी येते ती न्यूज." अख्खा वर्ग हरखला, मीही. आता तीच फुली अधूनमधून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येते आणि तिच्याखाली टाळ्यांचा पाऊस पडतो. म्हणून बाईंची क्षमा मागून लिहितो : ही व्युत्पत्ती नव्हे, लोणकढी थाप आहे.

तिचे वकील म्हणतात, गोष्ट जुनी आहे. आहेच. सतराव्या शतकातल्या इंग्रजी चुटक्यांतही ही कोटी सापडते. पण कोटी करायला आधी शब्द हाताशी लागतो, आणि हा शब्द त्याआधी निदान दीडदोनशे वर्षं बातमीच्या अर्थाने इंग्रजीत रुळलेला होता. त्याचं स्पेलिंगही तेव्हा पक्कं नव्हतं; बरेचदा एन-ई-डब्ल्यू-ई-एस असं लिहीत. आता काय, दोन पूर्व दिशा मोजायच्या? आद्याक्षरांतून शब्द पाडायची हौस मुख्यतः विसाव्या शतकातली. 'रडार' तसा झाला. 'गोल्फ'च्या चार अक्षरांत 'जंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन', म्हणजे 'बायकांना मज्जाव', शोधणाऱ्यांनीही जरा थांबावं. तिरंदाजीचा सराव बुडतो म्हणून स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ मध्ये या खेळावर बंदी घातली, तेव्हाही त्याचं नाव गोल्फच होतं.

मग न्यूज आली कुठून? 'न्यू' म्हणजे नवं. त्याचं अनेकवचन, नव्या गोष्टी. शेवटचा एस दक्षिणेचा नाही, अनेकवचनाचा आहे. फ्रेंच लोक बातम्यांना 'नुव्हेल' म्हणतात, तेही 'नव्या'चंच अनेकवचन. इंग्रजीने तोच कित्ता गिरवला. 'अनेकवचन आहे तर न्यूज इज का?' हा आक्षेप रास्त आहे. पण शेक्सपिअरच्या काळी हा शब्द दोन्ही वचनांत चाले. एकवचनाची सरशी नंतरची.

मला तर ही खरी हकिकतच फुलीपेक्षा गोड वाटते, कारण तिच्यात आपलंही घर आहे. इंग्रजी 'न्यू', लॅटिन 'नोवुस' आणि संस्कृत 'नव' ही एकाच मुळाची भावंडं. जुन्या मराठी पत्रांत बातमीला 'वर्तमान' म्हणत, त्यावरूनच वर्तमानपत्र. म्हणजे दोन्ही भाषांनी बातमीला नाव दिलं ते काळावरून. ती कुठल्या दिशेने आली हे कुणी पाहिलं नाही. ताजी आहे ना, एवढंच पाहिलं. आमच्या शेजारच्या काकू रोज संध्याकाळी गॅलरीच्या कठड्याला टेकून विचारतात, "काय नवीन?" इंग्रजांनी एका शब्दात बसवलं ते हेच.

हे सगळं मी परवा ग्रुपवर लिहिलं. काकांनी लगेच कळवलं, "छान माहिती." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच गोल्फवालं पाठवलं.