पाटीवर नाव, कागदावर नाही

१९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यानंतर मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर घरोघरच्या पडव्यांतून खानावळी वाढत गेल्या. बाहेरच्या भांडवलदाराऐवजी गावातल्या कुटुंबाने चार पैसे मिळवावेत, हे स्वागतार्हच आहे. परंतु 'घरगुती' या गोड शब्दाआड एक जुनाच अन्याय दडला आहे. मासळी पारखणे, साफ करणे, तिरफळे घालून बांगड्याचे तिखले रांधणे, सोलकढीसाठी नारळ खवणे हे श्रम मुख्यतः स्त्रीचे. परवाना, कर्जखाते आणि सातबारा मात्र बहुधा पुरुषाच्या नावे! पगारी आचाऱ्याला वेतन मिळते, घरच्या अन्नपूर्णेला केवळ कौतुक. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला मुलाइतका वाटा मिळाला. सासरच्या चुलीपुढे झिजणाऱ्या सुनेचे श्रम हिशेबाबाहेरच राहिले. जून-जुलैत यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते, पर्यटकही ओसरतात. कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत. अशा वेळी गहाण टाकायला आठवतात ते तिचेच दागिने. जोखमीत जी भागीदार, ती मालकीत का नाही? म्हणून परवाना व कर्जखाते पतिपत्नीच्या संयुक्त नावे असेल, तरच शासनाने अशा खानावळींना अनुदान द्यावे. पाटीवर तिचे नाव रंगवून भागणार नाही. ते कागदावर आले पाहिजे.