जुनं की नवं नव्हे, उघडता येणारं

‘जुनं ते सोनं’ ही म्हण सराफाच्या पेढीवर खरी असेल. ॲम्प्लिफायरच्या बाबतीत ती बहुतेक वेळा खोटी ठरते. आणि ‘नवं ते हवं’ ही तिची सवत तर तिच्याहून महाग पडते. वर्धा-नागपूरकडच्या गाणं ऐकणाऱ्या मंडळींत या दोन म्हणींचे दोन पंथच झाले आहेत. एका पंथाला १९७० च्या दशकातला जपानी रिसीव्हर, गॅरार्डचा टर्नटेबल आणि व्हॉल्व्हचा पिवळसर उजेड असल्याशिवाय भीमसेन जोशी ऐकूच येत नाहीत. दुसऱ्या पंथाला दर दोन वर्षांनी नवा डॅक (डिजिटल फाइलचा आवाज करणारा डबा), नवा स्ट्रीमर आणि मनगटाएवढी जाड तार लागते. निवृत्तीचे पैसे हाती आलेले प्राध्यापक, डॉक्टर, जिनिंगवाले दोन्हीकडे आहेत, आणि दोन्हीकडे खर्च लाखांत आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं : यंत्राचं वय ही निवडीची खरी कसोटी नाही. वर्ध्यासारख्या गावात राहणाऱ्याने विकत घेण्यापूर्वी एकच गोष्ट पाहावी. हे बिघडलं तर इथे कोण उघडणार?

आधी जुन्याच्या भक्तांचा पूर्वपक्ष. ते चार गोष्टी सांगतात : जुनं यंत्र दणकट असतं, त्याचा आवाज उबदार असतो, ॲनालॉगमध्ये सुराचे तुकडे पडत नाहीत, आणि त्याची किंमत वाढतच जाते.

दणकटपणा पाहायचा तर झाकण काढून पाहावा. इथल्याच एका दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर चाळिशी ओलांडलेला एक ॲम्प्लिफायर आणि त्याचे स्पीकर उघडे पडलेले मी पाहिले. बाहेरून रुबाब विचारू नका : ॲल्युमिनियमचं जाड पॅनेल, लोण्यासारख्या फिरणाऱ्या घुंड्या, एका हाताने न उचलवणारं वजन. आत मात्र पॉवर सप्लायच्या दोन मोठ्या कंडेन्सरांची डोकी फुगलेली, बुडाशी चिकट तपकिरी डाग, एका रेझिस्टन्सखालचा बोर्ड करपून काळा पडलेला. वूफरच्या कोनाभोवतीच्या फोमला बोट लावलं, तर त्याचा भुगाच हातात आला. दुरुस्तीवाला म्हणाला, ‘‘पत्रा शंभर वर्षं चालन भाऊ, आतला मसाला नाही चालत.’’

या मसाल्याचं गणित सोपं आहे. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमध्ये द्रव असतो आणि तो हळूहळू सुकतो. त्याच्या भोवतीचं तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. लंडनच्या २० अंशांच्या बैठकीत जो कंडेन्सर चाळीस वर्षं चालला, तो वर्ध्याच्या ४० अंशांच्या खोलीत या हिशेबाने दहा वर्षं काढेल. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या पुढे जातो. तेव्हा विलायती पुस्तकातलं टिकाऊपणाचं प्रशस्तिपत्र इथे चालत नाही.

उबदार आवाजाचं म्हणाल, तर तो असतो, हे मी मान्य करतो. व्हॉल्व्ह मूळ स्वराच्या दुपटीच्या कंपनसंख्येचा एक बारीक स्वर स्वतःच्या पदरचा मिसळतो. तो कानाला गोड लागतो, कारण वरच्या सप्तकातला तोच स्वर तो असतो. शिवाय जुन्या भागांची मूल्यं सरकली की वरच्या पट्टीची धार बोथट होते आणि ऐकणाऱ्याला सगळं मऊ वाटतं. ही आवड असू शकते, पण तिला ‘खरा आवाज’ म्हणू नये. गाणाऱ्याने जे गायलं नाही, ते यंत्राने घातलेलं असतं.

ॲनालॉगच्या सोवळ्याची गोष्ट तर २०२२ साली चव्हाट्यावर आली. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकी कंपनीच्या महागड्या एलपी म्हणजे शुद्ध ॲनालॉगचा कळस, असं जगभरचे जाणकार सांगत होते. त्या वर्षी उघड झालं, की २०११ पासून यांतल्या अनेक तबकड्या घडवताना मधली एक पायरी डिजिटल होती. ती पायरी कोणाच्याही कानाला खुपली नव्हती. खुपली ती बातमी वाचल्यावर. कंपनीला पुढे खटल्यात अडीच कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. ज्या कानांना अकरा वर्षं डिजिटल ओळखता आलं नाही, त्यांनी डिजिटलमध्ये सुराचे तुकडे पडतात म्हणून आपल्याला घाबरवू नये.

कानांचा विषय निघालाच आहे, तर अमेरिकेतून आणलेल्या जुन्या टर्नटेबलचा एक प्रयोग सांगतो. तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. वीजप्रवाहाच्या कंपनावर चालणारी मोटर आणि तिथली पुली तशीच ठेवली, तर ३३⅓ फेऱ्यांऐवजी तबकडी मिनिटाला २८ फेऱ्याही घेत नाही. वीस मिनिटांची बाजू चोवीस मिनिटं चालते. काळी चारमध्ये गाणारा गायक पांढरी चारच्याही किंचित खाली उतरतो. घरात पेटी असेल तर शेजारी ठेवून सूर लावून पाहा. गंमत अशी, की ऐकणारा भक्त यावर मान डोलावून म्हणतो, ‘‘वा! जुन्या मशीनचा खर्जच वेगळा!’’

राहिली वाढती किंमत. ती वाढते मुंबईच्या चोरबाजारात आणि परदेशी लिलावात. वर्ध्याहून तीस किलोचं यंत्र तिथे सुखरूप पोचवणं आणि घासाघीस करून पैसे वसूल करणं ज्याला जमतं, त्याने खुशाल व्यापार करावा. गाणं ऐकण्याशी त्याचा संबंध नाही.

एवढं वाचून नव्याचे उपासक खूश झाले असतील, तर त्यांनी थोडं थांबावं. त्यांचा पूर्वपक्ष असा, की तंत्रज्ञान पुढे गेलं आहे. तेव्हा जास्त बिट, जास्त हर्ट्झ आणि जास्त किंमत म्हणजे जास्त गाणं.

सीडी १९८२ साली बाजारात आली. तिचं माप १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ. ‘हाय-रेझोल्यूशन’चा दावा असा, की हे माप अपुरं आहे. अमेरिकेत मेयर आणि मोरन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत उच्च दर्जाचं ध्वनिमुद्रण एकदा सरळ आणि एकदा सीडीच्या मापातून गाळून ऐकवलं. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ वेळा ओळख बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती. वर आपली पन्नाशी उलटली की १५ किलोहर्ट्झच्या वरचं बहुतेकांना ऐकूच येत नाही, आणि हे लोक ९६ किलोहर्ट्झच्या फायली विकत घेतात.

शिवाय विदर्भात राहून कूलरला विसरून कसं चालेल? मार्चअखेरपासून जूनपर्यंत खिडकीतला कूलर घरघरत असतो. त्याचा आवाज ५५ डेसिबल धरा. सीडीचा आवाका ९६ डेसिबलचा. म्हणजे सर्वांत हळू आवाज कूलरच्या वर काढायचा, तर सर्वांत मोठा आवाज १५१ डेसिबलला जाईल. १२० च्या पुढे कान दुखायला लागतात. सीडीचाच आवाका ज्या खोलीत मावत नाही, तिथे १२० डेसिबलचा डॅक कुठे ठेवणार? आणि त्याच खोलीत क्लास-ए जातीचा ॲम्प्लिफायर लावायचा म्हणजे एका खिडकीत कूलर आणि समोर शेगडी. हा प्रकार गाणं वाजो न वाजो, घेतलेली बहुतेक वीज उष्णता करून बाहेर टाकतो.

नव्याचं आयुष्यही पाहून घ्या. २०१४ साली इंटरनेटवरून गाणी पाठवण्याचं एमक्यूए नावाचं तंत्र आलं. ध्वनीची नवी पहाट, असा गाजावाजा झाला. त्यासाठी लोकांनी चांगले चालणारे डॅक काढून नवे घेतले. एप्रिल २०२३ मध्ये ते बनवणाऱ्या कंपनीचा कारभार दिवाळखोरीच्या प्रशासकाकडे गेला आणि जुलै २०२४ मध्ये टायडल या स्ट्रीमिंग सेवेनेही ते तंत्र सोडलं. स्पीकर बनवणाऱ्या सोनोसने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केलं, की आमच्या काही जुन्या उपकरणांना मे महिन्यापासून नवं सॉफ्टवेअर मिळणार नाही. उपकरणं धडधाकट होती; आयुष्य संपलं ते कागदावर. जुन्याचा कंडेन्सर निदान फुगून सूचना तरी देतो.

आणि दोन्ही पंथांना एकदम चपराक बसावी अशी चाचणी तर १९८७ सालीच झाली. ‘स्टीरिओ रिव्ह्यू’ या अमेरिकी मासिकाने २१९ डॉलरच्या पायोनियर रिसीव्हरपासून १२,००० डॉलरच्या फ्युटरमन व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरपर्यंत अनेक ॲम्प्लिफायर, कोणता वाजतो आहे हे कळू न देता, आवाजाची पातळी सारखी करून ऐकवले. ऐकणाऱ्यांत फरक ऐकू येतो असं मानणारेही होते, शंकेखोरही होते. खात्रीने फरक कोणालाच सांगता आला नाही. निरोगी ॲम्प्लिफायर ताकदीबाहेर ताणला नाही, तर तो आपलं काम गुपचूप करतो. म्हणजे ज्या डब्यावरून एवढी भांडणं, त्या डब्यात भांडण्यासारखं फारसं काही नाही.

खंडन झालं, आता माझ्या पदरचं सांगतो.

याच वर्ध्यात मगनवाडीत बसून गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम चालवलं, आणि तुरुंगात असताना लिहिलेलं त्यांचं ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ १९४५ साली आलं. त्यांना हाय-फायशी काही देणंघेणं नव्हतं. पण वस्तू टिकली पाहिजे, ती चालवण्याचं ज्ञान आणि हात जवळपास असले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह मला आजही पटतो. माझी कसोटी तिथूनच येते. घ्यायचं यंत्र स्क्रूने उघडणारं हवं, त्याचा सर्किट डायग्राम मिळायला हवा आणि त्यातले भाग वर्ध्यात, फार तर पाऊणशे किलोमीटरवरच्या नागपुरात मिळायला हवेत.

ही कसोटी लावली की निवड आपोआप होते. पैसे सर्वांत आधी खोलीवर खर्च करा. आपल्या आजच्या घरांत स्लॅब, चकचकीत टाइल्स आणि उघड्या भिंती. टाळी वाजवली तर ती परत येते. इथल्याच गोपुरीची एक जाड सतरंजी, जाड पडदे आणि पुस्तकांनी भरलेलं कपाट यांनी जो फरक पडतो, तो कोणत्याही तारेने पडत नाही.

त्यानंतर स्पीकर. सगळ्या साखळीत कानाला खरा फरक इथेच कळतो, म्हणून उरलेल्या पैशांतले निम्म्याहून अधिक इथे घाला, आणि ते नवे घ्या. कागदी कोन, रबरी कडा, साधा ट्वीटर एवढं पुरे. मांडववाल्यांचे आणि डीजेवाल्यांचे स्पीकर रोज फाटतात, म्हणून कोन आणि कॉइल बदलणारे कारागीर आपल्याकडे अजून टिकून आहेत. त्यांच्या हाताला येईल असाच स्पीकर निवडावा.

ॲम्प्लिफायरही नवा, पण साधा. ज्यात स्क्रीन, ॲप, वाय-फाय सगळं एका बोर्डवर कोंबलं आहे, तो नको. स्ट्रीमिंगचा डबा स्वस्तातला आणि वेगळा ठेवा. पाच वर्षांनी तो मरणारच आहे, मरताना ॲम्प्लिफायरला सोबत नेऊ नये. आणि हे सगळं लावण्याआधी घराचं अर्थिंग तपासून घ्या.

यावर जुन्याचे भक्त विचारतील, ‘‘मग आठवणींचं काय? बाबांनी घेतलेल्या रेकॉर्ड प्लेअरचं काय?’’ प्रश्न रास्त आहे. घरात आधीपासून आहे ते जरूर दुरुस्त करा. आपल्याकडच्या घरांतले फिलिप्स, सोनोडाइन, कॉस्मिक हे इथल्याच विजेसाठी बनलेले आणि आतून सरळसोट आहेत. जाणत्या हाताला ते दाद देतात. फक्त वर्षानुवर्षं बंद पडलेलं यंत्र थेट प्लगमध्ये लावू नका. दुरुस्तीवाल्याकडे सिरीज बल्बवर लावून पाहा, सगळे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर एकदम बदला आणि सुई नवी घाला. कोलंबिया कंपनीने १९३१ साली लंडनमध्ये गांधीजींचा आवाज तबकडीवर घेतला होता. ती ७८ फेऱ्यांची तबकडी कोणाकडे असेल, तर तिला एलपीची बारीक सुई चालत नाही. तिची खाच रुंद असते, तिला जाड सुईच लागते. एवढी काळजी घेतली, तर घरचं जुनं यंत्र अजून वीस वर्षं गाईल. पण दुसऱ्याच्या बाबांचं यंत्र लाख रुपये देऊन आणलं, म्हणून त्याबरोबर आठवणी येत नाहीत.

माझा निर्णय स्पष्ट आहे. घरात असेल ते जुनं दुरुस्त करा. विकत घ्यायचं तर नवं, साधं आणि उघडता येणारं घ्या. टर्नटेबल फक्त त्याने घ्यावा, ज्याच्या घरी तबकड्या आहेत. आणि दुकानदाराला पैसे मोजण्याआधी तीन प्रश्न विचारा : याचा सर्किट डायग्राम मिळेल का? वॉरंटी संपल्यावर हे कुठे दुरुस्त होईल? इंटरनेट बंद असताना हे वाजेल का? तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली नाहीत, तर पाकीट खिशात ठेवून उठा. त्या पैशांत उस्तादांच्या चार बैठका समोर बसून ऐकता येतील.