लेकुरवाळ्यांची कॅनडावारी

दुसरे सत्र संपून शाळांना सुट्टी लागली की आपल्या मराठी घरांतून कॅनडाच्या गोष्टी सुरू होतात. कोणाची बहीण मॉन्ट्रियलला स्थायिक झाली आहे, कोणाचा भाऊ टोरोंटोला. फ्रेंच अवगत असल्याने आपली माणसे मॉन्ट्रियलला लवकर रुळली आणि आता ती आपल्याला आग्रहाने बोलावतात. वर्षानुवर्षे पैसा साठवून आपण जातोही. परंतु तीन-चार वर्षांची पोरे बरोबर असली म्हणजे हा प्रवास कसा होतो, हे परत आलेला कोणी मोकळेपणाने सांगत नाही. फोटो दाखवतो आणि गप्प बसतो.

पॅरिसपर्यंत विमानात सुमारे बारा तास, तिथे ताटकळणे, मग पुढे आणखी सात-साडेसात तास. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला मांडीवर घेतले तर तिकीट स्वस्त पडते हे खरे. पण इतके तास मांडी कोणाची, हे तिकीट विकणारा विचारत नाही. आमच्या पाहण्यात ती बहुधा आईचीच असते.

पोहोचल्यावर खरी परीक्षा. उन्हाळ्यात मॉन्ट्रियलचे घड्याळ आपल्या आठ तास मागे असते. तिथे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा लेकराच्या पोटात सकाळचे दहा वाजलेले असतात. ते उठून बसते, खायला मागते, आणि भिंतीपलीकडे साडूला पहाटे कामावर जायचे असते. जुलैत आपल्याकडे सहाच्या आत अंधार पडतो. तिथे साडेआठपर्यंत उजेड. झोपायची वेळ झाली हे मुलाला पटवून द्यायचे कसे? शिक्षक-प्रशिक्षणात बालमानसशास्त्राचा पेपर आम्ही चांगल्या गुणांनी पास झालो होतो. त्या आठवड्यात त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

तरीही आम्ही नायगाऱ्याला निघालो, कारण कॅनडाला जाऊन नायगारा पाहिला नाही असे घरी सांगायचे कोणत्या तोंडाने! मॉन्ट्रियल ते टोरोंटो सुमारे 540 किलोमीटर, तिथून पुढे आणखी सव्वाशेच्या वर. आपले बेट उभे मोजले तर जेमतेम 65 किलोमीटर. सूइयाकहून ग्रां-बेला निघालो तरी दोन तासांत समुद्र आडवा येतो. आपल्या मुलांना दिवसभर गाडीत बसण्याची सवयच नाही. त्यात क्वेबेकचा कायदा असा, की 145 सेंटिमीटर उंची किंवा नऊ वर्षे वय होईपर्यंत मुलाला त्याच्या खास खुर्चीतच बांधून बसवले पाहिजे. कायदा चांगला आहे, आपल्याकडे मांडीवर पोर घेऊन गाडी हाकणाऱ्यांनी तो वाचावा. पण आमच्या चार वर्षांच्या धाकट्याने त्या खुर्चीत दोनदा ओकारी केली, उरलेला रस्ता रडला आणि धबधबा आला तेव्हा गाढ झोपला. गाडी उभी करता करता मी त्याच्यावर ओरडलो. कशासाठी, ते आज सांगता येणार नाही. पत्नी त्याच्याजवळ गाडीतच बसून राहिली. इतक्या दूर जाऊन तिने नायगारा पाहिला तो माझ्या फोटोत. (उंचीने आपला शामारेलचा धबधबा त्याहून वरचढ आहे, हे मी तिला सांगून पाहिले. ती हसली नाही.)

परतल्यावर ओटावा, क्वेबेक शहर, सारे बेत रद्द केले. उरलेले दहा दिवस मुले घराजवळच्या बागेत पाण्याच्या फवाऱ्याखाली मावसभावंडांबरोबर भिजली. फवारे नगरपालिकेचे, पैसा लागत नाही. क्रिओल, फ्रेंच आणि दोन-चार मराठी शब्द यांवर त्यांचे सहज भागले.

पालकहो, मुले लहान असताना जाऊ नका असे आमचे म्हणणे नाही. आजी-मावशांचे वय आपल्या सोयीसाठी थांबत नाही. जा, पण पहिला आठवडा कुठेही निघू नका, आणि स्थळांची यादी निम्मी करून पुन्हा निम्मी करा. विमा मात्र टाळू नका. आपल्या सरकारी इस्पितळात पैसे पडत नाहीत, तिथल्या सरकारी योजनेत पाहुणा बसत नाही आणि मुलाचा साधा कान दुखला तरी खिसा रिकामा होतो. नोव्हेंबर-जानेवारीची मोठी सुट्टी मोहात पाडते. तेव्हा तिथे बर्फ असतो. पोराला बूट, मोजे, टोपी, जाड विजार चढवून दाराशी न्यावे तो त्याला लघवी लागते. कॅनडातल्या आप्तांनाही विनंती, की पाहुण्यांच्या दिवसांचे वेळापत्रक आधीच आखून ठेवू नका. आणि इथल्या वडीलधाऱ्यांनी परत आलेल्यांना “काय काय पाहिले?” हा प्रश्न पहिला विचारू नये.

आमचा धाकटा पूर्वी मावशीचा फोन आला की पडद्यावर तिचे तोंड पाहून पलंगाखाली लपत असे. परवा फोन वाजला तेव्हा तोच आधी धावला, आणि बागेतले पाणी चालू आहे का, असे त्याने तिला विचारले.