छत्रीवाली माशी

मेफ्लाय नावाच्या किड्याचं आयुष्य मोठं फनी असतं. साधारण वर्षभर नदीच्या तळाशी दगडाखाली काढायचं. मग एका संध्याकाळी वर यायचं, पंख वाळवायचे, जोडीदार गाठायचा, अंडी घालायची आणि एक-दोन दिवसांत... खेळ खल्लास. पंख फुटल्यावर ही बया जेवतसुद्धा नाही. (मार्च-एण्डला आपलंही हेच होतं, पण आपल्याला निदान चहा मिळतो.) पंख वाळेपर्यंत ती पाण्याच्या पातळ पापुद्र्यावर अडकून बसते. त्या काही सेकंदांवर खालचे ट्राउट मासे टपलेले असतात.

आणि तेवढ्या काही सेकंदांची नक्कल करायला मी गेले दोन हिवाळे दर मंगळवारी गळाला पिसं बांधतोय.

मी मूळचा रत्नागिरीचा, सध्या मुक्काम डेट्रॉइटच्या उपनगरात. दिवसभर स्क्रीन, संध्याकाळी पुन्हा स्क्रीन, बाहेर गुडघाभर बर्फ. आमच्या इथल्या लायब्ररीत कार कारखान्यातून रिटायर झालेले एक आजोबा ‘फ्लाय टाइंग’ शिकवतात. फुकट होतं, हीटर होता. गेलो. त्यांनी पहिल्या दिवसापासून एकच नमुना हातात दिला : पॅराशूट अ‍ॅडम्स.

अ‍ॅडम्स ही अस्सल मिशिगनची माशी. लेन हॅलडे यांनी १९२२मध्ये ती बांधली आणि चार्ल्स अ‍ॅडम्स या वकील मित्राचं नाव तिला दिलं. जुन्या पद्धतीत कोंबड्याच्या मानेचं पीस गळाभोवती उभं गुंडाळतात, त्यामुळे माशी पिसांच्या टोकांवर टाचा उंचावून उभी राहते. पॅराशूटमध्ये तेच पीस आडवं, छत्रीसारखं पसरतं. या आयडियाचं पेटंट १९३०च्या दशकात विल्यम ब्रश या डेट्रॉइटच्याच गृहस्थांनी घेतलं होतं. मोटारींच्या गावाला पॅराशूट सुचावं, हे मला भलतंच आवडलं.

आता कृती. १४ नंबरचा गळ, म्हणजे नखावर मावेल एवढा. तो छोट्या व्हाइसमध्ये धरायचा आणि पक्कडीनं त्याचा उलटा काटा आधीच चेपून टाकायचा. मग बारीक करडा दोरा. डोळ्यापासून एक तृतीयांश अंतरावर पांढऱ्या केसांचा झुबका बांधायचा, तो उभा करायचा आणि बुडाशी दोरा गुंडाळत त्याला खांबासारखा ताठ करायचा. याला म्हणतात पोस्ट. केस जास्त घेतले की माशी पाण्यावर कलंडते, कमी घेतले तर पीस गुंडाळताना खांबच वाकतो. मागं शेपटीचे चार तंतू, गळाच्या दांड्याएवढे लांब. मग करडी लव दोऱ्यावर चिमटीत पिळायची, अगदी आजी समईची वात वळायची तशी, आणि तिचं सडपातळ अंग तयार करायचं. (सडपातळ! अमेरिकेत राहून हे जमवणं सोपं नाही.)

खरी गंमत शेवटी. एक तपकिरी आणि एक काळं-पांढरं पट्टेरी, अशी दोन पिसं खांबाभोवती आडवी फिरवायची. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या खाली, वर नाही. वर घेतलात तर सगळी छत्री सुटते. चार-पाच वेढे, मग छत्रीखालून दोरा काढून गाठ. इथं श्वास आपोआप थांबतो. सुरुवातीला मला एका माशीला तास लागायचा, आता वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत फोन वाजला तरी मी उचलत नाही. दोन्ही हात गुंतलेले असतात, बॉसला सांगायला याहून सॉलिड कारण नाही.

तो पांढरा झुबका माशासाठी नसतो बरं का. मासा खालून बघतो. त्याला दिसतं अंग आणि पिसांचा पाण्यावर पडलेला ठसा. झुबका आपल्यासाठी, वाहत्या पाण्यात आपली माशी कुठंय ते कळावं म्हणून.

पिसांचीही एक स्टोरी आहे. २०११मध्ये केसांत पिसं माळायची फॅशन आली आणि सलोनवाल्यांनी फिशिंगच्या दुकानांतली पट्टेरी पिसं उचलली. किमती आकाशाला भिडल्या, मासेमार चिडले! पण या छंदानं त्याआधी आपल्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडाही वेठीला धरला होता. त्याच्या मानेवरच्या मेणासारख्या चकचकीत ठिपक्यांच्या पिसांना सामनच्या माश्यांसाठी एवढी मागणी, की १९६०च्या दशकाच्या अखेरीस भारत सरकारला निर्यातीवर बंदी घालावी लागली. पश्चिम घाटातल्या कोंबड्याची मान स्कॉटलंडच्या नदीत! माझ्या डब्यात फक्त पाळीव कोंबड्याची पिसं असतात.

मे महिन्यात ग्रेलिंगला जातो, तीन तासांवर ओ सेबल नदी. तिच्या एका पट्ट्यात नियमच आहे : फक्त कृत्रिम माशी वापरायची आणि पकडलेला ट्राउट सोडून द्यायचा. हे आईला फोनवर सांगितलं, तर पलीकडे शांतता.

‘‘सोडून द्यायचा? मग पकडतोस कशाला रे?’’

माशाशिवाय जेवण अळणी मानणाऱ्या घरात याला उत्तर नाही. ‘स्पोर्ट आहे गं’ म्हणालो. ‘‘त्याला विचारलंस?’’ बोलती बंद. खरं सांगू? तिचं बरोबर आहे. बाजारातला बांगडा निदान पोट भरतो, आमच्या खेळात मासा उगीचच घाबरतो. काटा चेपलेला गळ पटकन निघतो, मासा पाण्याबाहेर काढायचा नाही, पाणी वीस अंशांच्या वर गेलं की फिशिंग बंद, कारण गरम पाण्यात दमलेला ट्राउट सोडला तरी मरू शकतो. हे सगळं मी पाळतो. पण याला उत्तर म्हणत नाही. दिवसाला दोन मासे झाले की मी दोरी गुंडाळतो आणि काठावर बसून दुसऱ्यांच्या छत्र्या वाहताना बघतो. बांधायला मात्र दर मंगळवारी जातोच.

बाबांचं वेगळंच. खाडीवर गरी टाकण्यात त्यांची हयात गेली. एरवी आमचं फोनवरचं बोलणं ‘जेवलास का?’च्या पुढं जात नाही. परवा मात्र अर्धा तास गाठ कशी मारतोस, दोरा कुठला, काटा चेपल्यावर मासा सुटत नाही का, सगळं विचारून घेतलं. शेवटी म्हणाले, ‘‘शेजारी गावठी कोंबडा कापतात, पिसं फेकूनच देतात. पाठवू का?’’

‘‘बाबा, इथले कस्टमवाले सोडणार नाहीत.’’

‘‘बरं. ठेवून देतो मग. येशील तेव्हा इथंच बांध.’’